घटिकापात्र परक्याचे, मुहूर्त आपला?

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला ‘वेळेवर’ या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरच्या अंगाने आलेल्या पाण्याने भंडारा शहराच्या वस्त्या वेढल्या, गोसीखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी लोकांना घरे सोडावी लागली. पाणी उंबऱ्याला लागल्यावर हाती आलेला नदीच्या पातळीचा आकडा सेंटिमीटरपर्यंत अचूक असला, तरी त्याचा उपयोग काय? उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चूक उत्तरच असते. संगणकशास्त्राची एक संपूर्ण शाखा या एका वाक्यावर उभी आहे. तिला ‘रिअल टाइम’ संगणन म्हणतात. रेल्वेचे इंजिन, क्षेपणास्त्र, अग्निबाण, पोलाद कारखान्याची लाटण यंत्रे, अतिदक्षता विभागातील श्वसनयंत्र, धरणाची दारे, या सर्वांच्या पोटात बसलेला संगणक या शाखेचा असतो. त्याने उत्तर बरोबर द्यायचे असतेच. पण ते ठरलेल्या क्षणाच्या आत द्यायचे असते.

गेली काही वर्षे देशात चिपची चर्चा उदंड चालू आहे. कोणता कारखाना कोणत्या राज्याने पळवला, किती हजार कोटींचे अनुदान मिळाले, किती नॅनोमीटरची चिप निघणार, यावर वाहिन्यांवर रोज हमरीतुमरी होते. या गदारोळात एक प्रश्न मात्र कुणीही विचारत नाही. त्या चिपमधले घड्याळ कुणाचे आणि ते कुणाच्या तालावर चालते?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला दिल्ली-मुंबईत सुचला नाही. भंडारा जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनाच्या प्रकल्प प्रदर्शनात तो सुचला. एका विद्यार्थ्याने रेल्वे फाटकाची सुबक प्रतिकृती केली होती. दोन रूळ, दोन खेळण्यातल्या गाड्या, ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर. गाडी जवळ आली की फाटक पडे, दहा सेकंदांनी उघडे. टाळ्या मिळाल्या. मी त्याला म्हटले, “आता दुसऱ्या रुळावरची गाडी पाच सेकंदांनी सोड.” त्याने सोडली. फाटक पहिल्या गाडीच्या हिशेबाने उघडले आणि दुसरी गाडी उघड्या फाटकातून आरामात निघून गेली. मुलगा गोंधळून म्हणाला, “सर, प्रोग्राम बरोबर आहे. दोन गाड्या एकदम येतील असं धरलंच नव्हतं.” वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर उभे राहून अर्धा तास मुंबई-हावडा मार्ग पाहिलेल्या माणसाने असे धरावे?

चूक प्रोग्रामच्या एका ओळीत होती. त्या मुलाने दहा सेकंद मोजण्यासाठी प्रोसेसरलाच आकडे मोजत बसवले होते. मोजणी चालू असताना त्या बिचाऱ्याला दुसरी गाडी दिसणार कशी? वास्तविक ८०५१ मध्ये स्वतंत्र टायमर असतात, आणि ते एकच नव्हे, दोन! बारा मेगाहर्ट्झचा स्फटिक जोडला, तर त्यांतील गणक दर मायक्रोसेकंदाला एक पाऊल पुढे जातो, ६५,५३६ पावले झाली की पूर्ण भरतो आणि प्रोसेसरला हाक मारतो. ही हाक म्हणजे ‘इंटरप्ट’. तोवर प्रोसेसर गाड्यांवर डोळा ठेवायला मोकळा असतो. त्या मुलाला टायमरची व्याख्या पाठ होती, रजिस्टरची नावे पाठ होती. परीक्षेत त्याला गुणही मिळाले असतील. टायमर कशासाठी असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

आपल्या घरातल्या जुन्या लग्नांत घंगाळात घटिकापात्र तरंगत असे, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. चोवीस मिनिटांत ती भरे आणि बुडे. घटका भरली की जाणकार सांगे आणि अंतरपाटापाशी धांदल उडे. भटजी मंगलाष्टके म्हणत, यजमान पाहुण्यांचे पाहत, आचारी चुलीपाशी असे. वेळ मोजत कुणीच बसलेले नसे. ते काम वाटीचे. चिपमधला टायमर नेमका हाच आहे. आधुनिक रचनेत एक गणक अखंड चालतो आणि शेजारच्या कोषात ‘पुढचे काम केव्हा’ तो आकडा लिहून ठेवलेला असतो. दोन्ही जुळले की हाक जाते. आज जगभर पसरत असलेल्या ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या प्रोसेसर-रचनेतही हीच योजना आहे.

एकच काम असेल तर एवढ्याने भागते. इंजिनातल्या संगणकाला मात्र डझनभर कामे असतात. वेग मोजायचा, ब्रेकचा दाब पाहायचा, रेडिओवरचा संदेश ऐकायचा, चालकासमोरचा पडदा बदलायचा. कोणते काम आधी, कोणते अर्ध्यावर थांबवायचे, हे ठरवणे म्हणजे कार्यनियोजन. १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी गणिताने दाखवले, की कामे परस्परांत न गुंतता ठराविक काळाने फिरून येत असतील, वारंवार येणाऱ्या कामाला वरचा मान दिला असेल आणि सर्वांनी मिळून प्रोसेसरचा ६९ टक्क्यांहून कमी वेळ व्यापला असेल, तर कामे कितीही असोत, एकाचीही वेळ चुकणार नाही. त्यापुढे गेलात की प्रत्येक वेळी स्वतंत्र तपासणी हवी. या हमीला एक अट आहे. प्रत्येक काम जास्तीत जास्त किती वेळ घेईल आणि घड्याळाची हाक किती उशिराने पोहोचेल, हे आधी ठाऊक हवे. ही अट सॉफ्टवेअरच्या हातातली नाही. ती चिपच्या घडणीत आहे. सारा वाद इथेच आहे.

ही अट चुकली की काय होते? २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातील धाहरान. अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र तोफखाना-तुकडी सुमारे शंभर तास अखंड चालू होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दशांशात मोजी आणि त्याचे सेकंदांत रूपांतर २४ बिटांच्या आकड्याने करी. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमानात संपत नाही. त्यामुळे शेवटचे अंक तुटत. तुटलेला भाग अगदी क्षुल्लक. पण शंभर तासांत तो साचून ०.३४ सेकंद झाला. आपल्या जुन्या मापात एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. एका विपळाहूनही कमी! तेवढ्या वेळात इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. पेट्रियटचे रडार आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात पाहत राहिले आणि स्कड सैनिकांच्या निवासावर पडले. २८ सैनिक ठार झाले. सुधारलेले सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचले. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

हेच आता आपल्या रुळांवर आणून पाहू. ताशी १३० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर कापते. धाहरानएवढी चूक इंजिनातल्या संगणकात झाली, तर ब्रेक बारा मीटर उशिरा लागेल. १७ ऑगस्ट २०२२ च्या रात्री गोंदियाजवळ (१९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते) भगत की कोठी एक्सप्रेस पुढच्या मालगाडीवर मागून आदळली. डबा घसरला, प्रवासी जखमी झाले. प्राण वाचले ही ईश्वराची कृपा. त्याच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बिलासपूरजवळ लोकल गाडी मालगाडीवर आदळली, तेव्हा ती कृपा लाभली नाही. दहाहून अधिक माणसे गेली. या अपघातांना संगणक कारणीभूत होता असे मुळीच म्हणायचे नाही. उलट, असे अपघात टळावेत म्हणूनच ‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली उभी राहिली आहे. तिचा आराखडा लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने केला, उपकरणे भारतीय कंपन्या बनवतात, दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवर ती प्रथम बसली आणि जुलै २०२५ मध्ये मथुरा-कोटा टप्प्यावर तिची नवी आवृत्ती सुरू झाली. चालक चुकला, तर कवच स्वतः ब्रेक लावते. अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

पण कवच म्हणजे शेवटी वेळेचाच खेळ आहे. स्थानक आणि इंजिन रेडिओ लहरींवर बोलतात. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला बोलण्याची पाळी वाटून दिलेली असते आणि त्या पाळीसाठी सर्वांची घड्याळे उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात. इंजिनातला संगणक क्षणाक्षणाला ‘थांबण्याचे अंतर’ काढतो. देशात वापरले जाणारे बहुतेक सर्व प्रोसेसर आजही बाहेरून येतात. म्हणजे स्वदेशी कवचाच्या आत हृदयाचे ठोके कुणाचे पडणार, हा प्रश्न उरतोच. वरठीवरून जाणाऱ्या प्रत्येक इंजिनात कवच असेल त्या दिवशी आपण पेढे वाटू. पण हा प्रश्न विचारूनच वाटू.

इथे बाजारवादी पंडित हसतात. ते म्हणतात, टायमर काही पैशांत मिळतो, जगात ढिगाने पडला आहे, त्यासाठी स्वदेशीचा घोष कशाला? किमतीचाच प्रश्न असता, तर त्यांचे म्हणणे मान्य करायला हरकत नव्हती. प्रश्न आहे झाकण उघडून पाहण्याच्या अधिकाराचा. १९९७ साली मंगळावर उतरलेले अमेरिकेचे पाथफाइंडर यान काही दिवसांत पुन्हापुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागले. हवामान मोजण्याचे सर्वांत खालच्या दर्जाचे काम एका सामायिक साधनावर ताबा धरून बसे. मधल्या दर्जाचे काम त्याला पुढे सरकू देत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. गढीचा धनी दाराबाहेर उभा, किल्ली गड्याकडे आणि गडी पाहुण्याशी बोलण्यात अडकलेला, असा प्रकार. वेळेवर नजर ठेवणाऱ्या पहाऱ्याने दिरंगाई ओळखली आणि सारी यंत्रणा पुन्हा सुरू केली. पहारा होता म्हणून यान वाचले. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी जुळ्या यंत्रावर तोच प्रसंग पुन्हा घडवून कारण शोधले आणि कोट्यवधी किलोमीटरवर दुरुस्ती धाडली. हे त्यांना जमले, कारण यंत्र तळापर्यंत त्यांच्या ओळखीचे होते. बंद पेटी विकत घेणाऱ्याला हे कधी जमेल काय? त्याच्या हाती विक्रेत्याला पत्र लिहिणे एवढेच उरते.

बंद पेटीचा आणखी एक अनुभव आपण स्वतः घेतला आहे. आपल्या नाविक उपग्रहमालेतील पहिल्या, आयआरएनएसएस-१ए या उपग्रहात स्वित्झर्लंडहून आणलेली तीन रुबिडियम आण्विक घड्याळे होती. तिन्ही बंद पडली. उपग्रह कक्षेत धडधाकट, सौरपंखे ठीक, पण वेळ सांगता येईना आणि ज्याला वेळ सांगता येत नाही त्याला स्थानही सांगता येत नाही. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न सुटल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पोहोचला. २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ गेला, तेव्हा भारतात घडलेले रुबिडियम घड्याळ प्रथमच अवकाशात टिकटिकू लागले. त्याचा धाकटा भाऊ एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही, हेही लपवण्याचे कारण नाही. स्वतःचे घड्याळ करणे कठीण आहे. परके घड्याळ मात्र सोपे नव्हे, केवळ सोयीचे असते. बंद पडेपर्यंत सोयीचे.

दुसरा आक्षेप अधिक मानभावी असतो. ‘अहो, जग तीन नॅनोमीटरवर गेले आणि तुम्ही कसले प्रोसेसर करणार?’ हा आक्षेप घेणाऱ्यांना वेग आणि वक्तशीरपणा यांतला भेदच ठाऊक नसतो. अतिवेगवान प्रोसेसर पुढचे काय लागेल याचा अंदाज बांधून कामे आधीच उरकतो, लागणारी माहिती जवळच्या स्मृतीत साठवतो. अंदाज बरोबर ठरला तर विद्युद्वेग. चुकला तर तेच काम कितीतरी पट वेळ घेते. सरासरी उत्तम, शाश्वती नाही. घरगुती संगणकाला हे चालते. ब्रेकला चालत नाही. ब्रेकला हवा साधा, सरळ, दरवेळी तेवढाच वेळ घेणारा प्रोसेसर आणि त्यासाठी जगातला सर्वांत महागडा कारखाना लागत नाही.

पुरावा हवा असेल तर मोहालीकडे पाहावे. तिथल्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेने १८० नॅनोमीटरच्या, म्हणजे जगाच्या दृष्टीने ‘जुनाट’, तंत्राने इस्रोचा ३२ बिटी ‘विक्रम ३२०१’ प्रोसेसर घडवला. डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत त्याची अवकाशात चाचणी झाली. त्याचा थोरला, १६ बिटी ‘विक्रम १६०१’, २००९ पासून आपले अग्निबाण हाकतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयआयटी मद्रास आणि इस्रो यांनी ‘शक्ती’ या स्वदेशी रचनेवर बेतलेली ‘आयरिस’ ही नियंत्रक चिप जाहीर केली; तीही मोहालीतच घडली. तिच्यात मुद्दाम घातलेल्या खास भागांपैकी एक भाग आहे ‘वॉचडॉग टायमर’, पाथफाइंडरच्या कथेतला तो पहारेकरी. हीच ती मोहाली, जिथला कारखाना ७ फेब्रुवारी १९८९ ला आगीत खाक झाला होता. त्या राखेनंतर आपण जिद्द धरली असती, तर आज या लेखाची आवश्यकता पडली नसती.

आता आपल्याच घरातल्यांना चार शब्द. आपल्या बैठकांत कुणी टायमरचा विषय काढला, की एखादा उत्साही वक्ता उठतो आणि घटिका, पळ, विपळ यांची उजळणी करून ‘हे सर्व आपल्याकडे होतेच’ असे सांगून बसतो. टाळ्या पडतात, विषय संपतो. साठ घटिकांचा दिवस आणि साठ पळांची घटिका मोजणाऱ्या पूर्वजांचा गौरव अवश्य करावा. पण त्यांनी छिद्राचा आकार मोजून, पुन्हापुन्हा पारखून पात्र घडवले होते. टाळ्या वाजवून नव्हे. त्यांचे वंशज म्हणवणाऱ्यांनी पात्र परक्याकडून आणायचे आणि मुहूर्त तेवढा आपला म्हणायचा, यात कसला आला स्वाभिमान?

बुद्धी कमी आहे, असेही नाही. पाथफाइंडरला ज्या युक्तीने वाचवले, ताटकळणाऱ्या वरिष्ठ कामाचा मान काही काळ खालच्या कामाला उसना देण्याची, तिचा पायाभूत अभ्यास १९९० मध्ये तिघांनी प्रसिद्ध केला. त्यांतील एक, रागुनाथन राजकुमार, कोईम्बतूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेलेले. कार्यनियोजनाचा सारा हिशेब सॉफ्टवेअरवर न सोपवता त्यासाठी स्वतंत्र सहप्रोसेसरच घडवण्याचा ‘स्प्रिंग’ हा प्रकल्प अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात झाला. त्याच्या धुरीणांत कृती रामामृतम् होते. ते पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. म्हणजे हे ज्ञान पवईपर्यंत आले होते. पवई ते भंडारा हे अंतर रेल्वेने एका रात्रीचे आहे. ज्ञानाला एवढा उशीर का व्हावा?

म्हणून मागणी मोठ्या कारखान्याची नाही. रेल्वे, संरक्षण, पाटबंधारे आणि वीज यांच्या निविदांत संगणकाचा वेग लिहिलेला असतो. त्याच्या शेजारी दोन आकडे सक्तीचे करावेत. हाक पोहोचायला जास्तीत जास्त किती वेळ, आणि प्रत्येक काम जास्तीत जास्त किती वेळ घेईल. जो विक्रेता हे आकडे लिहून देऊ शकत नाही, त्याचा माल सुरक्षेच्या कामी घेऊ नये, मग तो कोणत्याही देशाचा असो. स्वदेशी चिपलाही हीच कसोटी लावावी. सवलत मागणारी स्वदेशी चिप आम्हांला नको.

दुसरी मागणी शिक्षणाची आहे आणि ती मुंबईच्या मंत्रालयाला नव्हे, आपल्याला आहे. तंत्रनिकेतनात टायमरची रजिस्टरे पाठ करून घेण्याऐवजी ‘दुसरी गाडी’ सोडून दाखवावी. सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेच्या प्रोसेसरवर ‘एरीज’ नावाचे शिकाऊ फलक काढले आहेत. आराखडा भारतीय आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या संस्थांत त्यांतले दहा-दहा फलक आले, तर ते एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चातही बसेल. आपले अनेक स्वयंसेवक अशा संस्थांत अध्यापक आहेत, व्यवस्थापनात आहेत, माजी विद्यार्थी आहेत. त्यांनी यंदाच्या प्रदर्शनात परीक्षकांच्या रांगेत बसावे, प्रत्येक प्रकल्पापाशी थांबावे आणि एकच प्रश्न विचारावा, “बाळा, हे काम चालू असताना दुसरे आले तर?” त्या फाटकाच्या मुलाने आठवडाभरात प्रोग्राम पुन्हा लिहिला. दोन्ही टायमर कामाला लावले. दुसरी गाडी आली तेव्हा फाटक बंद होते. मग त्याने स्वतःहून तिसरा रूळ जोडला, कारण वरठीला तो तिसरी मार्गिका पाहून आला होता.